वारूळ आणि कांदाचाळ: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४

१८ फेब्रुवारी २०२४

आज चाळ झाडली. बांबूच्या फटींत गेल्या हंगामातली सालपटं अजून अडकलेली, आणि मधल्या भागात तळाशी काजळी आलेल्या कांद्यांचा काळा थर. चाळ ३० फूट लांब, ४ फूट रुंद. दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्या, तळ जमिनीपासून दीड फूट वर, डोक्यावर पत्रा. गेल्या एप्रिलात ८० क्विंटल भरला होता. ऑक्टोबरात सोलापूरच्या काट्यावर ५३ भरला. मधले २७ क्विंटल थोडे सुकून हवेत गेले, थोडे कोंबात, उरलेले उकिरड्यावर. अण्णांच्या लेखी ही बातमीच नाही. "कांदा हाय तो. घटणारच. माणूस घटतो, मग कांदा का न्हाई?"

माझं कोडं वेगळं आहे. कडेचा कांदा ऑगस्टपर्यंत ठणठणीत असतो. सड लागते ती ढिगाच्या मध्यापासून, जिथं कोपरापर्यंत हात घातला की ऊब लागते. काढला तरी कांदा जिवंतच असतो. श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. कडेची ऊब वारा नेतो, मधली जागच्या जागी कोंडते.

चाळीपासून शंभर पावलांवर, बांधावरच्या लिंबाखाली, वाळवीचं छातीएवढं वारूळ आहे. त्यात लाखो जीव श्वास घेतात, शिवाय त्यांनी पोसलेली बुरशी वेगळी. बाहेरून एकही भोक दिसत नाही. तरी आत कुणी गुदमरत नाही.

वाळूजला नोकरीत असताना एका प्रशिक्षणात हरारेच्या ईस्टगेट इमारतीचं चित्र दाखवलं होतं. मिक पिअर्स या झिंबाब्वेच्या वास्तुविशारदाने वारुळावरून कल्पना घेतली, १९९६ मध्ये इमारत उघडली, आणि नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय ती चालते. तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेलो. आठ वर्षांनी चाळ झाडताना ते चित्र आठवलं. म्हणून ही वही.

२५ फेब्रुवारी

वारुळात सेन्सर घालायचा होता. अण्णा बांधावर आले. "काय करायलास तिथं?"

सांगितलं.

"त्याला सळई लावायची न्हाई. तुझी आई नागपंचमीला तिथं दूध ठिवती."

आईचं मत जरा निराळं निघालं. देवाचं काय ते देव बघेल, पण ह्याच वाळवीने माजघराच्या दाराची चौकट खाल्ली, तिचं कसलं कौतुक मांडलंस, असं तिचं म्हणणं. तडजोड झाली: बांधावरच्याला हात लावायचा नाही, ओढ्याच्या कडेला एक जुनं, ओसाड वारूळ गेल्या वर्षीच्या पाण्याने अर्धं कोसळलंय, ते बघायचं.

पुतण्याला घेऊन गेलो. कोसळलेल्या बाजूने आतलं सगळं उघडं पडलेलं, जणू कुणी उभा छेद घेऊन ठेवलाय. मधोमध मनगटाएवढी उभी पोकळी. बाहेर ज्या उभ्या कडा दिसतात, त्यांच्या पोटात चपट्या पोकळ्या, आणि त्या आडव्या वाटांनी मधल्या पोकळीला जोडलेल्या. खाली जमिनीच्या पातळीला बुरशीच्या बागेचे कोरडे, स्पंजासारखे तुकडे. पावसाळ्यात वारुळावर भुईछत्र्या येतात त्या या बागेच्याच. भिंत बोटभर ते चार बोटं जाड.

पुतण्याने भिंतीचा एक चपटा तुकडा तोंडाला लावून फुंकर मारली आणि पलीकडे उदबत्ती धरली. धूर हलला. खरंच हलला. मी तीनदा करून बघितलं. दिसायला घट्ट माती, पण तिच्यातून हवा झिरपते. भोक नाही म्हणजे दार नाही असं मी धरून चाललो होतो. इथं अख्खी भिंतच दार आहे.

३ मार्च

आठवडाभर रात्री वाचन. लाईट दोनदा गेली, मोबाइलवर वाचलं.

वारुळाच्या हवेबद्दल माणसांची मतं तीनदा बदलली आहेत. मार्टिन ल्यूशर या स्विस शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं की घरट्याच्या उबेने हवा मधून वर चढते, कडेच्या पोकळ्यांतून थंड होऊन खाली उतरते आणि असं चक्र चालू राहतं. ईस्टगेटच्या मागे याच धर्तीची समजूत होती: वारूळ म्हणजे वातानुकूलित घर.

मग स्कॉट टर्नर यांनी नामिबियातली वारुळं वर्षानुवर्षं मोजली. रूपर्ट सोअर यांच्याबरोबर आत जिप्सम ओतून पोकळ्यांचे साचे काढले. २००८ मध्ये दोघांनी लिहिलं की वारूळ घरट्याचं तापमान राखतच नाही. घरटं जमिनीत असतं आणि त्याचं तापमान जमिनीच्या तापमानामागे चालतं. वर दिसतो तो डोलारा फुफ्फुसासारखा आहे, वायूंच्या देवाणघेवाणीसाठी, आणि त्याला हलवतो तो वारा, म्हणजे वाऱ्याचे उलटसुलट झोत.

तिसरा अभ्यास २०१५ चा, हंटर किंग, सॅम्युएल ऑको आणि एल. महादेवन यांचा. तो आपल्याच वाळवीवर, ओडोन्टोटर्मिस ओबेसस, बेंगळुरूच्या वारुळांत केलेला. ओढ्याकाठी बघितलं तेच तिथलं वर्णन: मधली पोकळी, कडेच्या चपट्या पोकळ्या. दिवसा उन्हाने कडा आधी तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधून खाली येते. रात्री कडा आधी निवतात, आणि चक्र उलटं फिरतं. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, म्हणजे मुंगी चालेल इतका. दिवस आणि रात्र यांच्यातला फरक हेच इंजिन.

एक गोष्ट मला फार आवडली. ईस्टगेट रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या पोटातून फिरवते आणि तो गारवा दिवसा वापरते. वाळवी असलं काही करत नाही. समज चुकीची होती आणि इमारत बरोबर उभी राहिली, कारण हरारेच्या रात्री खरंच गार असतात.

१४ मार्च

पहिला नमुना. २०० लिटरचे दोन जुने पिंप, खाली-बाजूला भोकं पाडलेली, दोन्हींत लाल कांदा. एकावर १० फुटी, ६ इंची पीव्हीसी पाईप, काळा रंगवून. तर्क सरळ: ऊन पडलं की पाईप तापेल, हवा वर जाईल, खालून नवी हवा ओढली जाईल.

दुपारी २ वाजता उदबत्तीचा धूर भोकातून सपकन आत. पुतण्या नाचला. मीही मनातल्या मनात नाचलो.

१७ मार्च

नाचायला नको होतं. तीन दिवसांचे आकडे काढले. दुपारी चारला साध्या पिंपाच्या मध्यात ३३ अंश, धुराड्याच्या पिंपात ३७. मी कांद्याला हवा देतोय हे खरं, पण देतोय ती दिवसातली सगळ्यांत तापलेली. ऊन जितकं कडक तितकी ओढ जास्त, आणि ओढ जास्त तितकी जास्त झळ आत. यंत्र उत्तम चाललंय, फक्त उलट्या वेळेला.

वाळवीला दुपारची झळ चालते, कारण तिचं घरटं जमिनीत आहे आणि हवा वरच्या डोलाऱ्यातच फिरते. माझा कांदा डोलाऱ्यात बसलाय.

काळा रंग पुतण्याने दोन हात दिला होता. त्याला अजून सांगितलं नाही.

२४ मार्च

होळी. पुरणपोळी झाल्यावर हिशेब मांडला.

पहाटे पाचला बाहेर २३, ढिगाच्या मध्यात ३१. म्हणजे पहाटे ढीगच चूल आहे. धुराडं त्या वेळी गार पडलं नाही, आतली ऊब त्याने टिकवली, तर हवा आपोआप वर जाईल आणि बाजूच्या फटींतून पहाटेची गार हवा आत येईल. पाईप काळा, पातळ, उघडा असेल तर तो रात्री आधी निवतो आणि ओढ मारतो. धुराडं हवं जाड, उबदार, आणि दिवसा बंद.

ओढ किती? ३ मीटर उंची, ८ अंशांचा फरक धरला तर साधारण ०.९ पास्कल. पाण्याच्या स्तंभात सांगायचं तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी. यात कांद्यातून हवा फिरणार! पण कांद्यांत फटी भरपूर असतात, आणि कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर दोनच फूट. बांबूच्या पट्ट्या म्हणजे वारुळाची भिंत, मध्ये उभी पोकळी. एवढ्याला तो दाब पुरावा.

पाईपला गोणपाट गुंडाळून वर शेणमाती लिंपली. काळा रंग झाकला गेला. पुतण्याने विचारलं, "काका, मग रंगवायला का लावला?"

२९ मार्च

चालतंय. पहाटे धुराड्याच्या तोंडाशी उदबत्तीचा धूर सरळ वर. दिवसा तोंडावर फळकुट. मध्यात पहाटे २६, साध्या पिंपात ३१.

५ एप्रिल

मोठ्या चाळीसाठी धुराडी कशाची करायची यावर घरात चर्चा. पीव्हीसी महाग, आणि मला लिंपलेलंच हवं. मी म्हणालो, मातीचे चांगले जाड मनोरे बांधू, पांढऱ्या मातीचे, माळवदाच्या घरासारखे, १२ फूट.

मिस्त्री नको म्हणाले. त्यांचं बालपण औसा तालुक्यातलं. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, त्यांनी बघितली आहे. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मणामणांचा भार, आणि खाली झोपलेली माणसं. "भूकंपानं न्हाई मारलं भाऊ, घरानं मारलं," एवढंच म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. कांद्याच्या चाळीखाली कुणी झोपत नाही हे मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

वाळवीचा मनोरा वाळवीच्या वजनाला असतो. माणसाच्या उंचीचा केला की गणित बदलतं. उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, तळाचं क्षेत्रफळ चारपटच, हे पहिल्या वर्षाला शिकलेलं वाक्य मिस्त्रींनी तंबाखूच्या चिमटीत सांगितलं.

शेवटी ठरलं: कूड. तुरीच्या तुराट्यांचा गोल कूड विणायचा, आत-बाहेर शेणमाती, वजन हलकं. तुराट्या घरच्याच, जळणासाठी रचलेल्या. आतून ९ इंची पोकळी. कांद्याच्या ढिगात तीच पोकळी बांबूच्या कामट्यांच्या पिंजऱ्याने खाली तळापर्यंत न्यायची. अशी तीन धुराडी, चाळीच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात. पूर्वेचा अर्धा भाग जसाच्या तसा, तुलनेसाठी. मध्ये तट्ट्याची आडभिंत.

वर पावसासाठी उपडं घमेलं, चार खुंट्यांवर उचलून. खाली लाकडी चकती, दोरी ओढली की बंद.

१४ एप्रिल

काढणी पाडव्याआधीच आटोपली होती. यंदा पाणी कमी, विहीर मार्चातच तळाला गेली, कांदा मध्यम. पात वाळेपर्यंत शेतात, मग सावलीत दहा दिवस. मान दीड इंच ठेवून कापली. जोड कांदा, डेंगळे, चिंगळी बाजूला.

आज चाळ भरली. दोन्ही भागांत ४२-४२ क्विंटल, ढीग साडेचार फूट. प्रत्येक भागात २० किलोच्या सहा जाळीच्या पिशव्या वेगवेगळ्या खोलीवर पुरल्या, सुतळीला लाल चिंधी बांधून. त्या ताणकाट्यावर तोलायच्या. आठ तापमान सेन्सर, त्यांचे आकडे मोबाइलवर पाठवणारा एक इएसपी-३२ बोर्ड, १० वॅटचं सौर पॅनल. आत्तापर्यंतचा खर्च ३,९०० रुपये. त्यात घमेली धरलेली नाहीत, ती आईची होती आणि हा विषय अजून मिटलेला नाही.

२२ एप्रिल

उंदराने तिसऱ्या सेन्सरची वायर कुरतडली. जोडली, वर लोखंडी जाळी.

४ मे

कांद्याची निर्यातबंदी आज उठली, वर ४० टक्के शुल्क. डिसेंबरपासून अडकलेल्यांनी आज मोंढ्यात पेढे वाटले की शिव्या दिल्या हे कळायला मार्ग नाही. अण्णा म्हणाले, विकून टाकू. मी म्हणालो, प्रयोग आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

७ मे

मतदान. दुपारी चाळीच्या सावलीत ४१.६. पहाटे २६. पंधरा अंशांची झेप! वारुळाला आणि मला यापेक्षा चांगलं इंजिन मिळायचं नाही. धुराड्याच्या भागात पहाटे मध्यात २८, साध्या भागात ३३. दुपारी दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. संध्याकाळी सातला चकत्या उघडणं आणि सकाळी सातला बंद करणं हे काम आईकडे आहे. मी दोनदा विसरलो म्हणून माझ्याकडून काढून घेतलं.

९ जून

मृगाचा पाऊस. मातीचा वास, आणि काळजी.

२३ जून

नवा प्रश्न, आणि तो मी मार्चमध्येच बघायला हवा होता. ढग आले की दिवस-रात्रीतला फरक मरतो. आज दिवसा २९, रात्री २३. उन्हाळ्यात जे इंजिन धडधडत होतं ते आता फुरफुरतंय, आणि कांद्याला हवेची खरी गरज तर आत्ता आहे.

तरी आकडे तितके वाईट नाहीत. का ते पाहायला संध्याकाळी धुराड्याखाली उभा राहिलो. नैर्ऋत्येचं वारं सुटलेलं, घमेली खडखडतायत. चकती उघडून धूर धरला तर वर ओढ, थांबते, पुन्हा ओढ, मधेच किंचित खाली. श्वासासारखी. उबेची ओढ असती तर एकसारखी असती. ही वाऱ्याची आहे. धुराड्याच्या तोंडावरून झोत गेला की आतली हवा खेचली जाते.

म्हणजे उन्हाळ्यात माझी चाळ बेंगळुरूच्या वारुळासारखी चालली, आणि पावसाळ्यात नामिबियाच्या. दोन अभ्यासांत कोण बरोबर, हा वाद मी मार्चमध्ये रात्री जागून वाचला होता. पुढच्या वेळी कुणी वाद घातला तर मी महिना विचारीन.

१४ जुलै

झड लागली आहे, चौथा दिवस. आईने रात्री चकत्या उघडल्याच नाहीत. "भाईर एवढी ओल, ती आत घ्यायची व्हय?" वाटतं तसंच. मीही तेच म्हणालो असतो. मग मांडून बघितलं.

रात्री बाहेर २३ अंश, आर्द्रता ९२ टक्के. हीच हवा २८ अंशांच्या ढिगात शिरली की तापते, आणि तिची आर्द्रता ६८ टक्क्यांवर येते. कांद्याला ६५ ते ७० लागते. म्हणजे ढीग उबदार आहे तोवर रात्रीची ओली हवा सुकवणारीच ठरते. घात होतो तो उलट्या वेळी: रात्रभर गार झालेल्या कांद्यावर सकाळी दहाची कोमट, दमट हवा आली की कांद्याला घाम फुटतो. थंड तांब्याला बाहेरून फुटतो तसा. त्या घामावर काजळी धरते.

म्हणून नियम: रात्री उघडणं चुकलं तर एक वेळ चालेल, सकाळी बंद करणं चुकता कामा नये. आईला हे तांब्यावरून सांगितलं, लगेच पटलं. आर्द्रतेच्या टक्क्यांवरून सांगत होतो तेव्हा ती भाकरी थापत होती.

१९ जुलै

आई मोबाइलवरचे आकडे बघत नाही. तिला चाळीपाशीच कळेल असं काहीतरी हवं. आर्द्रतेचा सेन्सर मागवला होता, तो दमटपणानेच बंद पडला. हसावं की रडावं.

अण्णांची घोंगडी झटकताना माळावरची गेल्या साली अडकलेली कुसळं निघाली. मेंढरामागे फिरलेल्या माणसाला कुसळ म्हणजे शत्रू. पण एक ताटलीतल्या पाण्यात पडलं आणि गरगर फिरायला लागलं. कुसळाची शेपटी वाळली की पीळ खाते, ओली झाली की पीळ सुटतो. निसर्गात याचा उपयोग बी जमिनीत शिरवायला: रात्रीच्या दवाने उलगडायचं, उन्हाने पिळायचं, रोज थोडं थोडं स्वतःला मातीत खुपसायचं. मोटर नाही, बॅटरी नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच रानटी ओटच्या अशाच कुसळावरून आर्द्रता दाखवणारा काटा केला होता.

पुठ्ठ्याला कुसळाचं टोक चिकटवलं, शेपटीचा वाकडा भाग काट्यासारखा मोकळा. एक चाळीच्या आत, एक बाहेर आडोशाला. कोरडं कुठं, ओलं कुठं, हे पुतण्याने रंगीत खडूने आखलं. पाच-सात मिनिटांत काटा फिरतो. किंमत शून्य. आईने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "कुसळ्या घड्याळ".

मात्र हे तापमान सांगत नाही, त्यामुळे वरचा सगळा हिशेब त्यात बसत नाही. दोन काटे सारखे झाले की घाई करू नको, एवढंच त्याच्यावरून ठरवता येतं.

२ ऑगस्ट

मधल्या धुराड्याचा सेन्सर चुकीचा आकडा देतोय. बाजूच्या दोन्हींत पहाटे २६, याच्यात २९. सेन्सर बदलला. तरी २९. बोर्ड बदलला. २९.

९ ऑगस्ट

नागपंचमी. आई बांधावरच्या वारुळाला दूध-लाह्या घेऊन गेली. मी चाळीत मधल्या धुराड्याखाली आरसा धरून आत बघितलं.

आत अंधार असायला हवा होता तिथं माती होती. ओली, ताजी, बारीक दाण्यांची, एकसारखी लिंपलेली. बांबूच्या खांबावरून वाळवी चढली, तुराट्यांत शिरली, आणि खाता खाता तिने आतल्या पिंजऱ्याची सगळी भोकं बुजवून टाकली. तळापासून जवळपास तीन फूट. सेन्सर बरोबर होता. त्याला मी तीनदा खोटं ठरवलं.

राग यायला हवा होता, पण मी आरसा धरून बराच वेळ बघत राहिलो. फुंकर सहन न होणारा प्राणी आहे हा. वारूळ फुटलं की पहिलं काम भगदाड बुजवायचं, कारण उघडी हवा आली की बुरशीची बाग सुकते. तिला आत ओल टिकवून शिळी हवा बाहेर काढायची असते. मला ओलच बाहेर काढायची आहे. पहिल्या दिवसापासून मी ज्याला एकच प्रश्न समजत होतो ते दोन प्रश्न निघाले. माझं धुराडं वाळवीच्या नजरेत एक मोठं भगदाड होतं, आणि तिने ते रीतसर दुरुस्त केलं.

पहार आणायला निघालो तर आईने दारातच अडवलं. नागपंचमीला खणायचं नाही, चिरायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही. "आजच्या दिशी वाळवी मोडायची न्हाई. उद्या मोड."

अण्णा ओट्यावर बसून दिंडं खात होते. म्हणाले, "वाळवीकडून शिकायलास ना? मग तिनं शिकवलं."

१० ऑगस्ट

मोडलं. खालचा कूड बोटाने चुरला जात होता. खांबाच्या बुडांना डांबराचा पट्टा दिला. हे एप्रिलात द्यायचं असतं हे गावातल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं, मी विचारलं नाही. मधल्या पोकळीत तात्पुरता मार्चमधला पीव्हीसी पाईप बसवला, काळा रंग, गोणपाट आणि शेणमातीसकट.

२ सप्टेंबर

पोळा, आणि कालपासून कोसळतोय. परभणी, हिंगोली, नांदेडकडे तर पुराच्या बातम्या. बैलांची मिरवणूक देवळातच उरकली. दोन दिवस लाईट नाही, ढगांमुळे पॅनल मेलेलं, बोर्ड बंद. आकडे नाहीत.

रात्री पाऊस तासभर थांबला तेव्हा आईने कंदील घेऊन ढिगात कोपरापर्यंत हात घातला, म्हणाली ऊब आलीय, आणि तिन्ही चकत्या उघडल्या. पाऊस परत सुरू झाला तेव्हा बंद केल्या. बोर्ड चालू झाल्यावर कळलं, धुराड्याच्या भागात मध्यात २८ होतं, साध्या भागात ३१.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला, आज चाळ फोडली. लाल चिंध्यांच्या बारा पिशव्या आधी काढल्या. सडका, कोंबाचा, काजळीचा बाजूला काढून विकण्याजोगा तेवढा तोलला.

साधा भाग: १२० किलोंतला ७९ किलो. धुराड्याचा भाग: १२० तला ८८ किलो. घट ३४ टक्के आणि २७ टक्के. अख्ख्या ४२ क्विंटलांवर धरली तर तीन क्विंटलांची बचत. ३,९०० चा खर्च या भावात एकाच हंगामात निघतो, घमेल्यांसकट.

पण मी स्वतःच्या बाजूने पंच व्हायचं टाळतोय. धुराडी पश्चिमेच्या अर्ध्या भागात होती, आणि जून ते ऑगस्ट वारं येतं त्याच बाजूने. या सातातले दोन-तीन टक्के नुसत्या जागेचे असू शकतात. मधल्या धुराड्याजवळच्या दोन पिशव्यांत साध्या भागाइतकीच सड होती, हे मात्र बोलकं आहे. जिथं वाळवीने भोकं बुजवली तिथं फायदाही बुजला.

अण्णांनी पिशव्या स्वतः पुन्हा तोलल्या. आकडे तेच आले. मग म्हणाले, पुढल्या साली पूर्वेकडं बांध, मग बघू. या घरात यापेक्षा मोठी मंजुरी मिळत नाही.

२० ऑक्टोबर

ट्रक सोलापूरला गेला. मोकळ्या चाळीत बसून पुढच्या वर्षाची तयारी. धुराडी पूर्वेला. तुराट्यांऐवजी आत जुने सिमेंटचे पाईप, बाहेरून लिंपण, म्हणजे खायला काही उरायचं नाही. खांबाच्या बुडाला डांबर, आणि पिंजऱ्याची भोकं दर पंधरा दिवसांनी आरशात बघायची. चकत्या आपोआप उघडण्या-मिटण्याचं यंत्र करावं की आईवर सोडावं, हे ठरत नाही. जुलैतल्या झडीची ती रात्र सोडली तर तिच्या हाताची चूक या हंगामात एकदाही सापडली नाही, माझ्या बोर्डाच्या पाच सापडल्या.

कुसळ्या घड्याळाचे काटे झिजून ढिले पडलेत. माळावर कुसळ आता पिकायला लागलंय. पुतण्याला सांगितलंय, रोज शाळेतून येताना रस्ता सोडून माळावरून ये, आणि लोकरी मोजे घाल.